गल्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे

लहानपणीच्या दुकानाविषयी लिहिणे ही लेखकाला फार सोपी वाटणारी आणि म्हणूनच फार धोक्याची गोष्ट आहे. काचेच्या बरण्या, त्यांतल्या रंगीत गोळ्या, कागदाची पुडी, दुकानदाराच्या नाकावर घसरलेला चष्मा, एवढे साहित्य मांडले की वाचकाचे डोळे आपोआप ओलावतात. लेखकाला निराळे काही करावेच लागत नाही. स्कॉटलंडमध्ये ह्या जातीचे लेखन विपुल झाले आहे. पाऊस, दगडी घरे, गावातला एकच मोठा रस्ता आणि त्यावरचे बेकर, खाटीक, किराणावाले, मिठाईवाले ह्यांच्या आठवणी तिथल्या माणसांनी हौसेने लिहिल्या आणि लोकांनी तितक्याच हौसेने वाचल्या. त्यांतले पुष्कळसे एकदा वाचावे आणि विसरावे अशाच योग्यतेचे. पण थोडे असे आहे की ते वाचून झाल्यावर माणूस स्वतःच्या आठवणींकडेही जरा संशयाने पाहू लागतो. त्या थोड्याविषयी इथे लिहायचे आहे.

मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत शिकवतो. विद्यापीठातला टीकाकार मी नव्हे. तेव्हा माझी कसोटीही शाळामास्तराला शोभेल अशी साधीच आहे. ह्या लेखकाला वस्तूची किंमत आठवते का? आणि गल्ल्यामागे बसलेला माणूस आठवतो का? गोडी तर सर्वांनाच आठवते.

किंमत आठवण्याच्या बाबतीत पहिला मान रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा. 'ट्रेझर आयलंड'चा कर्ता म्हणून आपल्याकडील मुलांनाही तो ओळखीचा आहे. १८८४ साली 'द मॅगझिन ऑफ आर्ट' ह्या मासिकात त्याने एक छोटा निबंध लिहिला आणि त्याला शीर्षकच किमतीचे दिले: एका पेनीला साधा, दोन पेन्सना रंगीत. पुढे १८८७ साली 'मेमरीज अँड पोर्ट्रेट्स' ह्या त्याच्या संग्रहात तो आला. विषय एडिंबरोमधल्या एका कागद-पुस्तकांच्या दुकानाचा. एडिंबरो शहरापासून लीथ बंदराकडे उतरत जाणारा जो रुंद रस्ता, लीथ वॉक, त्याच्या वरच्या टोकाला, अँटिग्वा स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हे दुकान होते. तिथे पुठ्ठ्याच्या नाटकगृहाचे छापील ताव मिळत. लंडनच्या स्केल्ट नावाच्या प्रकाशकाने ते काढलेले. एकेका नाटकाची पात्रे, पडदे, झाडी, दरोडेखोरांची गुहा, सगळे तावांवर छापलेले. ते मुलांनी रंगवायचे, कात्रीने कापायचे, पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि घरी नाटक उभे करायचे. ज्याच्या खिशात दोन पेन्स त्याने रंगवलेला ताव घ्यावा. ज्याच्या खिशात एकच त्याने साधा घ्यावा आणि रंग आपले आपण भरावे.

स्टीव्हन्सन हा आजारी मुलगा. १८५० सालचा जन्म, छाती अधू, कित्येक हिवाळे अंथरुणात गेलेले. अशा मुलाला हे दुकान म्हणजे काय वाटत असेल ह्याची कल्पना आपण करू शकतो, आणि सामान्य लेखक असता तर त्याने ती कल्पना आपल्याकडून करूनही घेतली असती. स्टीव्हन्सन तसे करीत नाही. तो आधी आपले रिकामे खिसे दाखवतो. खिडकीत मांडलेल्या नाटकगृहाकडे पाहत, वरच्या तावावरच्या एका पात्राचे नाव काय असेल ह्याचा तर्क करीत फुटपाथवर उभे राहण्यात त्याचे किती दिवस गेले! मग एखादा दिवस असा उगवे की खिशात नाणे असे, आणि आपण खरे गिऱ्हाईक आहोत अशा रुबाबात आत जाता येई. आत अंधार, आणि बायबलांचा वास. हा वास मला फार महत्त्वाचा वाटतो. दरोडेखोरांची चित्रे आणि धर्मग्रंथ एकाच फळीवर नांदत होते, हे स्कॉटलंडचे अर्धे वर्णन झाले.

आणि गल्ल्यामागचा माणूस? तो ह्या निबंधात पुरता जिवंत आहे, आणि तो मुळीच प्रेमळ नाही. दुकानातली माणसे पोरांना हातभर लांब ठेवीत, एक नाटक हातातून काढून घेतल्यावाचून दुसरे देत नसत, आणि आत पाऊल टाकताच पैसे आणले आहेत की नुसतेच आलात, असे विचारीत. एकदा तर म्हातारे मि. स्मिथ ह्या मुलाच्या निवडानिवडीला इतके वैतागले की त्यांनी सगळे ताव त्याच्या पुढ्यातून ओढून घेतले आणि तुला काही घ्यायचेच नाही, असे स्पष्ट सांगून टाकले. लेखकाला ह्या म्हाताऱ्याचा राग नाही. उलट दुकानाला पडलेल्या त्या वेढ्यात बिचाऱ्यांची किती तारांबळ उडत असेल हे तो हसत सांगतो. त्या क्षणी लेखक मुलाच्या जागी उभा आहे आणि दुकानदाराच्याही. ही साधी वाटणारी किमया भल्याभल्यांना साधत नाही.

पुढे तो आणखी एक गोष्ट कबूल करतो. रंग भरण्यात आनंद होता. किरमिजी आणि निळा मिळून जो जांभळा होई त्याची नशा होती. पण सगळे रंगवून झाले की सगळे बिघडलेलेच असे. पात्रे कापायची म्हणजे तर पापच. प्रत्यक्ष नाटक करणे हे कंटाळ्याचे काम. सगळा आनंद खरेदीत आणि घरी आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात. वडीलमाणसे म्हणत, पोराला खेळाचा लवकर कंटाळा येतो. तसे नव्हते, असे तो सांगतो. मगज खाऊन झाला की माणूस हाडे ताटात ठेवतो, तेवढेच. ज्याने मुलांना खेळणी घेऊन दिली आहेत त्याने हे वाक्य आठवून पाहावे.

निबंधाच्या शेवटी एक स्वप्न आहे. लंडनमधल्या कुठल्याशा भुताळ्या गल्लीत, सरसाचा वास येणाऱ्या ठेंगण्या दुकानात लेखक शिरतो. समोर साक्षात स्केल्ट, थडग्यातली धूळ अंगावर घेऊन बसलेला. लेखक जवळजवळ सगळी नाटके विकत घेतो, मनातल्या मनात पैसे मोजतो आणि बाहेर पडतो. तो हातातल्या पुड्यांची माती झालेली. मनातल्या पैशांनी घेतलेला माल मातीच होणार! स्मरणरंजनावरची इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही, आणि ती करणारा स्वतःच स्मरणरंजन करीत होता. एरवी हळुवारपणाकडे झुकणारा हा लेखक इथे मुळीच ढळलेला नाही.

जे. एम. बॅरीचे तसे नाही. 'पीटर पॅन'चा हा कर्ता १८६० साली किरीम्यूर ह्या विणकरांच्या गावी जन्मला. बाप हातमागावरचा विणकर. गावाला त्याने आपल्या पुस्तकांत थ्रम्स असे नाव दिले, आणि 'ऑल्ड लिख्ट आयडिल्स' (१८८८) व 'अ विंडो इन थ्रम्स' (१८८९) ही पुस्तके इतकी खपली की त्या धर्तीच्या लेखनाचा पूर आला. १८९५ साली जे. एच. मिलर ह्या टीकाकाराने ह्या संप्रदायाला केलयार्ड, म्हणजे परसातली कोबीची बाग, असे कुचेष्टेचे नाव देऊन त्याची टर उडवली, आणि ते नाव चिकटले ते चिकटलेच. कुचेष्टा अगदी अन्यायाची नव्हती. थ्रम्समधली माणसे गरीब आहेत, पण त्यांची गरिबी दुरून, उबदार खोलीतून पाहिलेली वाटते.

मात्र आईविषयी त्याने १८९६ साली लिहिलेले 'मार्गारेट ओगिल्व्ही' हे पुस्तक निराळे आहे. त्याच्या जन्माच्या दिवशी घरात सहा नव्या खुर्च्या विकत आल्या, इथून ते सुरू होते. त्या खुर्च्यांसाठी आईने किती दिवस पैसा साठवला असेल ते पहिल्या पानावरच कळते. एक मोठा भाऊ बर्फावर घसरण्याच्या खेळात १८६७ साली, चौदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर मेला. त्या आईला रिझवण्यासाठी धाकटा धडपडतो. दोघे मिळून पुस्तके वाचतात. वाचनालयातून तीन दिवसांसाठी एका पेनीला पुस्तक येई. कधीमधी हा मुलगा दुकानातून एखादे विकतही घेई. पण ती खरेदी आठवडेच्या आठवडे चाले, आणि तेवढ्या अवधीत दुकानातली इतर बहुतेक पुस्तके तो गल्ल्याशी उभ्या उभ्या वाचून काढी. एक मासिकही तो घेई, त्यात भाजी विकणाऱ्या एका गोड मुलीची क्रमशः कथा येई. एके दिवशी त्याने ठरवले की गोष्टी आपणच लिहाव्या, आणि माळ्यावर बसून तो लिहू लागला.

हे सगळे सुंदर आहे. तरी त्यातल्या दोन जागा मला सलतात. त्या मासिकाची किंमत अर्धी पेनी होती की एक, हे बॅरीला आठवत नाही. तो दोन्ही सांगून मोकळा होतो. ज्या घरात सहा खुर्च्यांची खरेदी हा विजय होता त्या घरातल्या मुलाला हे आठवू नये? दुसरे असे की, आठवडेच्या आठवडे फुकट वाचू देणारा तो दुकानदार कोण होता? त्याला चेहराच नाही. मि. स्मिथ ह्यांनी ताव ओढून घेतले आणि ते अमर झाले. किरीम्यूरच्या ह्या भल्या गृहस्थाने काहीच ओढून घेतले नाही, म्हणून तो पुस्तकातून नाहीसा झाला. बॅरीच्या प्रेमाला फक्त आईपुरतीच जागा होती असे म्हणावे लागते.

ह्या गोडव्यावर पहिला दगड जॉर्ज डग्लस ब्राऊनने मारला. हा एअरशरमधल्या ऑकिलट्री गावचा, एका शेतकऱ्याचा अनौरस मुलगा, १८६९ सालचा. १९०१ साली त्याची 'द हाउस विथ द ग्रीन शटर्स' ही कादंबरी निघाली आणि पुढच्याच वर्षी तेहतिसाव्या वर्षी तो वारला. गावाचे नाव बार्बी. गावची मालवाहतूक आणि व्यापार मुठीत असलेला जॉन गुर्ले, मग्रूर आणि मठ्ठ. परगावी चार पैसे मिळवून परत आलेल्या जेम्स विल्सनचा तो चारचौघांत अपमान करतो, आणि विल्सन त्याच्या उरावर एक मोठे दुकान थाटतो. त्याला भपकेदार नाव देतो 'एम्पोरियम'. इथून पुढे दोन घरांतली लढाई. विल्सनचा मुलगा मोठ्या शाळेत गेला म्हणून गुर्लेचाही गेला पाहिजे. तो एडिंबरोला गेला म्हणून ह्यानेही गेले पाहिजे. मुलगा तिथे दारूच्या नादी लागून परत येतो, बापाचा जीव घेतो, आणि शेवटी त्या हिरव्या झडपांच्या घरात कोणीच जिवंत उरत नाही. हे सगळे पारावरच्या कुटाळ मंडळींच्या डोळ्यांदेखत, आणि बरेचसे त्यांच्या समाधानासाठी.

दुकान म्हणजे बरण्या आणि चिंचेच्या गोळ्या, असे मानणाऱ्याने ही कादंबरी वाचलीच पाहिजे. दुकान उघडते म्हणजे कोणाचे तरी बंद पडते, हे तिने सांगितले. तिच्यात एक शाळामास्तर आहे. तो पोरांना झोडपतो आणि उरलेला वेळ अॅडम स्मिथचे 'वेल्थ ऑफ नेशन्स' वाचीत बसतो. गुर्लेच्या पोराला सगळे दिसते, जाणवते, पण विचार करता येत नाही, हे एकट्या ह्या मास्तराला कळलेले असते. आणि कळून तो काहीही करीत नाही. धंदाबंधू म्हणून मला ते पान वाचवत नाही.

पण ब्राऊनलाही मी पुरते गुण देणार नाही. त्याने गल्ल्यामागचा माणूस पाहिला, पण रागाने पाहिला. बार्बीत एकही मूल दोन पैशांची वस्तू घेऊन आनंदाने घरी जात नाही. असे गाव जगात नसते. केलयार्डवाल्यांनी मीठ वगळले, तर ह्याने साखर.

ह्याच एअरशरमधल्या फेनिक गावी विणकरांनी १७६१ साली आपला संघ स्थापन केला होता, आणि १७६९ साली त्यांनी ओटचे पीठ घाऊक घेऊन आपसांत विकायला सुरुवात केली. सहकारी दुकानाच्या आरंभीच्या आरंभांपैकी हा एक. पुढे स्कॉटलंडभर सहकारी दुकाने झाली. लोक त्यांना नुसते 'द स्टोअर' म्हणत. तिथे प्रत्येक घराचा एक सभासद-क्रमांक असे, खरेदी त्या क्रमांकावर नोंदवली जाई, आणि ठराविक मुदतीने नफ्याचा वाटा घरी येई. सामान आणायला धाडलेल्या मुलाने क्रमांक विसरून चालत नसे. म्हणून नातवंडांची नावे विसरलेल्या म्हाताऱ्यांनाही आईचा स्टोअरचा क्रमांक तोंडपाठ असतो, असे तिथल्या आठवणींत पुन्हापुन्हा येते. त्या आठवणी लिहिणारे बहुतेक साहित्यिक नव्हेत. पण माझ्या कसोटीला त्या बॅरीपेक्षा चांगल्या उतरतात. किंमत आणि नफा दोन्ही त्यांनी पाठ केले होते.

आता पुन्हा लीथ वॉकवर यायला हवे, कारण ह्या रस्त्याची गोष्ट स्टीव्हन्सनपाशी संपत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीच्या डोंगराळ खेड्यांतून, बार्गा, पिचिनिस्को, विटिकूझो अशा गावांहून, गरीब माणसे स्कॉटलंडला येऊ लागली. त्यांनी आइस्क्रीमची, मिठाईची, तळलेल्या माशांची दुकाने काढली. रात्री उशिरापर्यंत आणि रविवारीही ती उघडी. त्यामुळे धर्मनिष्ठ मंडळींचा त्यांच्यावर रोष, आणि पोरांचे अर्थातच प्रेम. स्कॉटिश बालपणाच्या आठवणींत इटालियन आइस्क्रीमवाला आला नाही असे क्वचितच घडते. तो हसतमुख असतो, मोडकेतोडके बोलतो, एक चमचा जास्त घालतो. आणि बहुतेक वेळा आठवण तिथेच थांबते.

१० जून १९४० रोजी इटलीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. त्या रात्री एडिंबरो आणि ग्लासगो शहरांत ह्या दुकानांच्या काचा जमावांनी फोडल्या. लीथ वॉकवरही फोडल्या. इटालियन पुरुषांना पोलिसांनी पकडून नेले. त्यांतल्या कित्येकांना कॅनडाला पाठवण्यासाठी 'अरँडोरा स्टार' ह्या जहाजावर चढवले, आणि २ जुलै रोजी एका जर्मन पाणबुडीने ते बुडवले. चारशेहून अधिक इटालियन बुडाले. दगड मारणाऱ्यांतली काही पोरे आदल्याच आठवड्यात त्याच दुकानातून आइस्क्रीम घेऊन गेली असतील. त्यांनीही पुढे म्हातारपणी लहानपणच्या आठवणी सांगितल्या असतील. त्यांत आइस्क्रीम आले असेल; दगड आला असेल का?

लीथ वॉकला लागून असलेल्या अल्बर्ट स्ट्रीटवर पाओलोझ्झी कुटुंबाचे आइस्क्रीमचे आणि मिठाईचे दुकान होते. तिथला मुलगा एदुआर्दो, १९२४ सालचा. सिगारेटच्या पाकिटांतून निघणारी चित्रे आणि रंगीत कात्रणे जमवून तो वह्यांत चिकटवी. त्या जूनमध्ये सोळा वर्षांच्या ह्या मुलाला सॉटनच्या तुरुंगात टाकले. तिथे तो तीन महिने होता. त्याचे वडील, आजोबा आणि काका 'अरँडोरा स्टार'वर बुडाले. पुढे तो मोठा शिल्पकार झाला. १९४७ सालच्या त्याच्या एका प्रसिद्ध चित्रात अमेरिकन मासिकांची आणि जाहिरातींची भडक कात्रणे चिकटवलेली आहेत. पॉप आर्ट म्हणून पुढे जे गाजले त्याच्या आरंभी हे चित्र ठेवले जाते.

स्टीव्हन्सनच्या कोपऱ्यापासून हे दुकान पायी जाण्याच्या टप्प्यात. दोघांनीही लहानपणी दुकानातल्या स्वस्त छापील चित्रांवर जीव टाकला, आणि दोघांच्याही कलेत ती चित्रे शेवटपर्यंत राहिली. फरक एवढाच की एक गल्ल्याच्या अलीकडे उभा होता आणि दुसरा पलीकडे. पलीकडच्या मुलाला बरणीतल्या मालाचे अप्रूप नसते. त्याला ती बरणी पुसायची असते. त्याने आपल्या कलेत दुकानाचा गोडवा गायिला नाही. चित्रे ठेवली, पण ती फाडून, कापून, एकमेकांवर चढवून ठेवली. स्टीव्हन्सन ज्याला पाप म्हणाला ते कापणे ह्याने केले.

पलीकडच्या बाजूने शब्दांत लिहिले ते मेरी कॉन्टिनी ह्यांनी. लीथ वॉकच्याच वरच्या टोकाला, एल्म रो येथे, 'व्हाल्व्होना अँड क्रोला' हे इटालियन खाद्यपदार्थांचे दुकान आहे. ते १९३४ साली उभे करणाऱ्यांपैकी अल्फोन्सो क्रोला हे 'अरँडोरा स्टार'वर गेले. ह्या घराण्यात सून म्हणून आलेल्या, आणि स्वतः अशाच इटालियन दुकानदार कुटुंबात वाढलेल्या कॉन्टिनीबाईंनी आधी 'डिअर फ्रान्सेस्का' (२००२) आणि मग 'डिअर ऑलिव्हिया' (२००६) ही पुस्तके मुलींना उद्देशून लिहिली. पहिल्यात स्वयंपाकघर मोठे आहे. पाककृती वाचताना भूक लागते, एवढे त्याचे यश मान्य. दुसरे जास्त कसाचे. पूर्वजांचे संवाद बाई कादंबरीसारखे रचतात आणि काही ठिकाणी सगळीच माणसे जरा जास्त चांगली होतात, हा दोष मला दिसतो. पण १९४० सालाशी येताच त्यांचा हात थरथरत नाही. दुकानाच्या काचेच्या आत उभे राहून बाहेरचा ओळखीचा आवाज ऐकणे म्हणजे काय, हे स्टीव्हन्सन लिहू शकला नसता, ब्राऊन लिहू शकला नसता. त्यासाठी त्या घरातलेच कोणीतरी असावे लागते. आणि एवढे लिहूनही त्या गावावर रागावलेल्या नाहीत. ज्या शेजाऱ्यांनी त्या दिवसांत मदत केली त्यांनाही पुस्तकात जागा आहे.

घरातल्या वाचत्या मुलांसाठी ह्यातले काय घ्यावे, असे कोणी विचारील तर स्टीव्हन्सनचा निबंध आधी घ्यावा. तो एका बैठकीत होतो आणि मोठ्याने वाचायला उत्तम आहे. 'डिअर ऑलिव्हिया' आईने आणि मुलीने मिळून वाचावे. ब्राऊनची कादंबरी सोळा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नये. त्यानंतर मात्र अवश्य द्यावी, विशेषतः तो व्यापारात पडणार असेल तर.